जनूचा दगड

पेण, २ ऑक्टोबर १९९४

लीयाताईस शालोम.

सोळा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, तुझी आली ती पत्रं न उघडताच परत धाडली, आणि आता लिहितो आहे ती कामासाठी. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, त्यामुळे फार नवल वाटणार नाही. तू आईला घेऊन इस्रायलला, दिमोनाला गेलीस, आई तिकडेच वारली, आणि मला कळलं ते सगळं उरकल्यावर. तो विषय मी आज काढत नाही.

सध्या इकडे सुरतच्या प्लेगची धास्ती आहे. पेणमध्ये अजून एक उंदीर मेलेला नाही, पण टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानांतून गडप झाल्या आहेत. हमरापूरचे गणपतीवाले प्लास्टरच्या धुळीसाठी बाराही महिने तोंडाला फडकं बांधतात. हल्ली त्यांना बघून लोक रस्ता बदलतात.

परवा दुकानात हैबतराव नावाचा एक शेतकरी आला. माझ्याच वयाचा, साठीचा.

"शेठ, शनवार तेली तुमीच ना?"

"उरलेला मीच," मी म्हटलं. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून आपल्या लोकांना पडलेलं हे नाव. आजोबांचा घाणा कधीच मोडला, मी डब्यातलं तेल विकतो, तरी नाव तेच आहे. "काय देऊ? शेंगदाणा की खोबरेल?"

"तेल नको. दगडाचं इचारायचं हाय."

त्याची कासूच्या अलीकडे भातशेती आहे. ती आता कंपनीने घेतली. शिमगा झाला की तिथे मुरमाचा भराव पडणार. शेताच्या कोपऱ्यात करंजाखाली एक दगड आहे, त्याला त्यांच्याकडे जनूचा दगड म्हणतात. जनू म्हणजे हैबतरावाच्या आजाचा भाऊ. तो आपल्या आजोबांच्या घाण्यावर गडी होता आणि जुन्या प्लेगात मेला, असं हैबतराव सांगतो.

"बा म्हनायचा, दगड जनूचा हाय, पर आत जनू नाय. पेनच्या तेल्यांना इचारल्याबिगर हात लावू नका."

"मग आत कोण आहे?"

"त्ये बाला बी ठाव नव्हतं. त्याच्या बानं त्याला येवढंच सांगितलं व्हतं."

मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतो आहे. एलियाह आजोबाही त्याच प्लेगच्या साली गेले. त्यांचा दगड आपल्या कबरस्तानात आहे, त्यावर नाव आहे, मी दर वर्षी तिथे जातो. पण रूथआजी त्या दगडापाशी कधी बसली नाही. भांडंभर पाणी ओतायची, तुळशीचं पान ठेवायची आणि निघायची. आपल्यात कोण तुळस ठेवतं? मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, "ठेवायची असते." म्हणून मीही अजून ठेवतो. आपली माणसं हसतात.

तू आजीच्या कुशीत निजायचीस. तुला तिने काही सांगितलं असेल. आजोबा कशाने गेले, कुठे गेले? आजोबा त्या शेतात असतील तर भरावाच्या आधी त्यांना आपल्या माणसांत आणायला हवं. नसतील तर मी दुसऱ्याचा देव उगाच उकरतो आहे. हैबतरावही म्हणतो, नक्की कळल्याशिवाय कुदळ लावू देणार नाय.

एवढंच कळव. बाकी काही लिहायलाच हवं असं नाही.

निसीम

०

पेण, ३० ऑक्टोबर १९९४

लीयाताई,

तुझं उत्तर नाही. टपाल गहाळ झालं असेल असं समजतो.

दरम्यान मी शहाणपणा करून नगरपालिकेत गेलो. तिथल्या हर्षदने मृत्यूच्या नोंदींचं जुनं बाड काढून दिलं. वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. बाहेर पडलो तेव्हा डोकं भणाणलं होतं. त्या प्लेगच्या साली पेणमध्ये प्लेगने जवळजवळ कोणी मेलेलंच नाही. कोणी तापाने, कोणी खोकल्याने, कोणी हगवणीने, एक पंचविशीचा गडी तर वार्धक्याने. आणि मरायला सगळे गावाबाहेर गेलेले. कोणी सासुरवाडीला, कोणी मिठागरावर, कोणी शेतावर. हर्षद म्हणाला, "काका, तेव्हाचं पेण लय आरोग्याचं गाव असणार." हसलो, पण आजोबा त्यात कुठेच नव्हते. ना घरी, ना दवाखान्यात, ना रस्त्यावर.

मग रोह्याला जोनाथनमामांकडे गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाने कमी, पण आपला वर्षाचा मोठा उपास, दारफाळणीचा, अजून धरतात. आजोबांचं नाव काढताच म्हणाले, "एलियाह? तो आमच्याच घरात गेला. पोटशूळ उठला आणि गेला. आमचे वडील त्याला बैलगाडीतून पेणला घेऊन गेले, पुरायला."

"रोह्यात आपलं कबरस्तान असताना पेणला कशाला?"

मामांनी कानाचं यंत्र सारखं केलं. मग म्हणाले, "वडील सांगायचे ते सांगतो. मी काय तेव्हा होतो?" थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटले, "पण वडील असंही म्हणायचे, की पेणच्या घरात शिरलो तेव्हा नाकाला फडकं लावलं होतं."

आता मला सांग, माणूस रोह्यात पोटशुळाने मेला, तर पेणच्या घरात नाकाला फडकं कशासाठी? मी विचारलं, तर मामांनी कानाचं यंत्र काढून ठेवलं आणि मामीला मटण वाढायला सांगितलं.

आजोबांचा दगड पेणमध्ये, मरण रोह्यात, आणि कासूला एक दगड आहे ज्यात ज्याचा तो आहे तो नाही. मला काही कळत नाही, लीयाताई. तूच एक राहिली आहेस.

निसीम

०

पेण, २७ नोव्हेंबर १९९४

लीयाताई,

काल मी हैबतरावाच्या शेतावर गेलो. शनिवार होता, शब्बाथ, पण त्याने मुद्दाम त्याच दिवशी बोलावलं. कारण काय, तर त्या दिवशी त्याला काम नसतं. मला वाटलं, म्हातारा आळशी असेल.

रोह्याच्या गाडीने कासूला उतरलो, तिथून बांधाबांधाने. भात कापून झालं होतं आणि आजूबाजूची सगळी शेतं वालासाठी नांगरली जात होती. हैबतरावाचे बैल मात्र करंजाखाली रवंथ करत बसलेले.

"जमीन कंपनीची झाली, तरी वाल पेरणार?"

"भराव शिमग्यानंतर हाय. तवर वाल निघतोय की."

"मग आज का नाही नांगरत?"

"आज शनवार न्हवं?" तो म्हणाला. "ह्या खाचरात शनवारी जू ठेवत नाय. आजापास्नं नाय."

बाकीच्या खाचरांत ठेवतो. फक्त त्या एका खाचरात नाही. का ते त्याला ठाऊक नाही.

दगड साधा आहे, गुडघ्याएवढा. शेंदूर नाही. हैबतरावाची बायको सरू सुनेबरोबर झाकलेलं ताट घेऊन आली. "पाहुणे आलेत तर निवेद दाखवते," म्हणाली. आजूबाजूच्या असल्या दगडांना कोंबडं लागतं, दारू लागते, ते मला माहीत आहे. म्हणून विचारलं, "याला काय लागतं?"

"ह्याला कोंबडं नाय चालत गो बाई, दारू तर नायच," ती आपल्या सुनेकडे बघत म्हणाली, मला सांगायचा तिला संकोच वाटत असावा. "सासूनं सांगितलंया, भिजवलेलं पोहं, वल्लं खोबरं, गूळ. वर केळ्याचं काप. हातानं कालवायचं."

तिने ताटावरचं फडकं काढलं. लीयाताई, तो मलिदा होता. आपण एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नवसाला करतो तो मलिदा, फक्त वेलची नव्हती. सरूने मला त्यातला घास दिला आणि मी तो तोंडात धरून बसलो. हैबतराव घाबरला. "काय झालं शेठ, खडा लागला का?"

मी त्यांना सांगितलं, हे आमचं आहे. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हैबतराव म्हणाला, "पर शेठ, मलिदा तुमचा म्हनून आतला मानूस बी तुमचा, असं कसं व्हईल? तुमच्या आज्यांचा दगड तर पेनला हाय."

बरोबर बोलला. तेच मला सुटत नाही. दोन दगड आणि माणूस एक. शिवाय मग जनू कुठे?

अजून एक गोष्ट मनात आली आहे, ती लिहीत नाही. आईला नेलंस तेव्हा तू आजोबांच्या थडग्याची माती पिशवीत बांधून नेली होतीस, आईच्या उशाला ठेवायला. त्यावरूनच आपलं भांडण जुंपलं होतं, आई जिवंत असताना माती कसली बांधतेस म्हणून. ते थडगं जर... जाऊ दे. लिहिणार नाही म्हटलं आणि लिहून बसलो. फाडून पुन्हा लिहायला कागद नाही.

शिमगा मार्चात आहे. कृपा करून उत्तर दे.

निसीम

०

पेण, १५ जानेवारी १९९५

लीयाताई,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. तुझं मराठी अक्षर अजून आईसारखंच आहे.

तू सांगितलेलं मी माझ्या शब्दांत पुन्हा लिहितो. चुकलो तर तू दुरुस्त कर.

आजोबा आणि जनू दोघेही पेणच्या घरातच आजारी पडले, घाण्याच्या खोलीत. काखेत गाठी आल्या आणि एकाच दिवशी दोघे गेले. घरात रूथआजी एकटी, बाबा रांगते. प्लेगने मेल्याचं सरकारला कळलं असतं तर कौलं उतरवली असती, सामान जाळलं असतं, आजीला आणि बाबांना गावाबाहेरच्या झोपड्यांत नेलं असतं. तिथून लहान मुलं परत येत नव्हती. म्हणून तिने दोन निरोप धाडले. रोह्याच्या नातलगांना आजोबांसाठी, कासूला जनूच्या भावासाठी. रोहेकर सांगणार, माणूस आमच्याकडे पोटशुळाने गेला. जनूचा भाऊ सांगणार, शेतावर देवी येऊन गेला. देवीने गेलेल्याला त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात, म्हणजे मसणवटीतल्या कारकुनापुढे जायला नको.

आजीने दोघांना एकाच ताग्यातल्या मांजरपाटात गुंडाळलं, तोंडासकट, आत कडुनिंबाचा पाला घालून. अंघोळ घालणं बाईमाणसाचं काम नव्हतं, पुरुष यायला धजत नव्हते. आजोबांना तिने पुढच्या दाराशी ठेवलं, कारण आपली माणसं पुढच्या दाराने येतील. जनूला मागच्या दाराशी. मग बाबा रडायला लागले म्हणून ती माजघरात गेली.

आणि रोहेकर आले मागच्या दाराने. कोणी बघू नये म्हणून. दाराशी होता तो उचलला, नाकाला फडकं लावून, आणि कबरस्तानात नेऊन, कद्दिशची प्रार्थना म्हणून पुरला. आपल्यात कबरीवर मयताचं तोंड उघडून बघत नाहीत. कोणाला काही कळलं नाही.

कासूची गाडी नंतर आली. त्यांनी राहिलेला नेला. पण त्यांच्यात शेवटी तोंडात पाणी आणि तुळशीचं पान घालतात. त्यासाठी जनूच्या भावाने खड्ड्याच्या काठावर मांजरपाट सोडलं, आणि आत एलियाह तेली.

तू लिहितेस की तो माणूस तशाच पावली पेणला आला आणि मागच्या दारात बसून रडला. काय करायचं? कबरस्तानात दुसऱ्यांदा कुदळ पडली असती तर सगळं उघडं झालं असतं. त्यानेच आजीला सांगितलं, "वहिनी, तुमच्या मानसाला ओहळाच्या पान्यानं अंघोळ घालून निजवलाय. तो आमच्याकडं ऱ्हाऊ दे. आमचा तुमच्याकडं ऱ्हाऊ दे." त्यावर आजीने त्याला शनिवारचं सांगितलं, मलिद्याचं सांगितलं. आणि त्याने आजीला पाण्याचं आणि तुळशीचं. म्हणजे पन्नासएक वर्षं मी जनूला पाणी पाजतो आहे.

दर वर्षी वालाच्या शेंगांच्या दिवसांत आजी तुला घेऊन कासूला जायची, ती शेंगा आणायला, असं आम्हाला आणि कासूवाल्यांनाही सांगितलं जायचं. मी नेहमी रडायचो, मला का नाही नेत म्हणून. तू लिहितेस, आजी म्हणायची, "निसीमच्या पोटात काही राहत नाही." खरं आहे. मी हे पत्र टाकायच्या आधीच हैबतरावाला सांगून आलो.

आणि मातीचं. तू ती माती पेणच्या कबरस्तानातून घेतलीच नव्हतीस. करंजाखालून घेतली होतीस. आईच्या उशाला बरोबर माती आहे. हे वाचून मी दुकान बंद केलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो.

तुझ्या पत्राची शेवटची ओळही वाचली. "तू तीन पत्रं लिहिलीस. सगळी आजोबांबद्दल. म्हणून उत्तर दिलं नाही." यावर काय लिहावं ते आज सुचत नाही. सुचलं की लिहीन.

निसीम

०

पेण, ६ मार्च १९९५

लीयाताई,

काल आजोबांना आणलं.

प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला मला अलिबाग आणि रेवदंड्यापर्यंत हिंडावं लागलं. जोनाथनमामा रोह्याहून जीपने आले. त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या वडिलांनी कद्दिश एका कुणब्यावर म्हटला." मी म्हटलं, "हो." "बरं," ते म्हणाले. "वाया तर नाही ना गेला."

हैबतरावाने स्वतः कुदळ मारली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. सरू बांधावर उभी राहून डोळे पुसत होती. तिच्या घरातलं माणूस चाललं होतं. आत थोडी हाडं निघाली, बाकी माती. हाडं काही नाव सांगत नाहीत. मला मध्येच वाटलं, आजीला तरी कुठे सगळं नक्की ठाऊक होतं? तिने तरी कासूचा खड्डा डोळ्यांनी पाहिला होता का? जनूचा भाऊ बोलला ते तिने खरं धरलं. हे मी हैबतरावाला बोलून दाखवलं, तर तो चिडला. "शेठ, आजवर शनवार पाळलाय आमी. आता शंका काढू नका."

नव्या मांजरपाटात बांधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पेणला आलो. कबरस्तानाची मागची भिंत पडली आहे, तिथून गाडी सरळ आत जाते. ड्रायव्हरने तिकडे वळवली. तर हैबतराव ट्रॉलीत उभा राहिला आणि ओरडला, "म्हागून नाय. फुडच्या दारानं."

ड्रायव्हरला काही कळलं नाही. पण जोनाथनमामांना कळलं. आम्ही पुढच्या फाटकाशी उतरलो आणि आजोबांना हातांवर घेऊन आत नेलं. फाटकापासून आत बरंच चालावं लागतं, मामांना धाप लागली, पण त्यांनी हात काढला नाही.

जनूच्या शेजारीच जागा केली. आपली प्रार्थना झाल्यावर हैबतरावाने जनूच्या दगडावर पाणी ओतलं आणि पान ठेवलं. त्याने हे पहिल्यांदाच केलं. मी म्हटलं, "या दगडावरचं नाव आता बदलून घेतो. जनूचं घालतो."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "त्याला आता त्या नावाची सवय झाली आसंल."

म्हणून ते तसंच ठेवलं. नव्या दगडावरही आजोबांचंच नाव येईल. पुढे कोणी हे कबरस्तान बघेल तर म्हणेल, एलियाह नावाचा माणूस पेणमध्ये दोनदा मेला. म्हणेना का.

आज सकाळी दुकान उघडलं आणि एकदम जाणवलं की आता विचारायला काही उरलं नाही. पाच महिने मी गावभर विचारत हिंडलो, एक माणूस कशाने गेला आणि कुठे. नगरपालिकेत विचारलं, रोह्यात विचारलं, शेतात विचारलं. तुला तीन पत्रं पाठवून विचारलं. तुझी ती शेवटची ओळ मी तेव्हापासून खिशात घेऊन फिरतो आहे.

लीयाताई, आई कशाने गेली? घरी होती की इस्पितळात? तेव्हा जवळ कोण होतं? तिला तिकडचं पाणी मानवलं होतं का? शेवटी ती मराठीत बोलत होती का, आणि कोणाशी?

हे सगळं लिही. कितीही मोठं पत्र झालं तरी चालेल. मी ते उघडीन.

तुझा,
निसीम